मुंबई ते पणजी : एका ‘टक्’चा माग

दिवस पहिला : मुंबई ते राजपुरीची खाडी

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात एका पहाटे पावणेसहाला गेटवेसमोरच्या बोयावरून निघायचे असे ठरले होते. ओहोटी सहाच्या सुमारास लागणार होती, आणि बंदराबाहेर पडताना तिची साथ मिळाली की वेळही वाचतो आणि डिझेलही. भावोजींनी किल्ली फिरवली, बटण दाबले आणि पायऱ्यांखालच्या खणातून एकच आवाज आला : टक्. त्यांनी पुन्हा दाबले, पुन्हा टक्. तिसऱ्या वेळी मात्र इंजिन काहीच घडले नसल्यासारखे सुरू झाले आणि आम्हीही काहीच घडले नाही असे मानून निघालो.

भावोजींची शिडाची बोट २८ फुटी, फायबरची आणि त्यांच्याकडे तिसऱ्या हाताने आलेली आहे. तिच्यात दोन सिलिंडरचे छोटे डिझेल इंजिन आहे आणि १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आहेत. एक केवळ इंजिन सुरू करण्यासाठी, दुसरी दिवे, रेडिओ आणि तळातला पाणी उपसणारा पंप यांसाठी. बोटीवर आम्ही तिघे होतो : भावोजी, त्यांची मुलगी, जिच्याकडे नोंदवही सोपवली होती, आणि मी. मी तीस वर्षे औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वीजतंत्री हा विषय शिकवला आहे. पुढे जे घडले ते वाचताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण त्यात माझ्या अब्रूचाही प्रश्न आहे.

‘टक्’ हा आवाज नवा नव्हता. दिवाळीनंतर तो अधूनमधून येऊ लागला होता आणि त्यावर भावोजींनी सगळेच करतात तो उपाय केला होता, म्हणजे नवी बॅटरी आणली होती. दोन वर्षांतली ही दुसरी नवी बॅटरी. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी मी स्वतः मल्टीमीटर लावून पाहिले, तेव्हा तिच्यावर १२.७ व्होल्ट भरले. शिशाच्या बॅटरीला काही तास विश्रांती मिळाल्यावर हा आकडा दिसला म्हणजे ती पूर्ण भरलेली असते, १२.२ म्हणजे अर्धी, आणि १२ च्या खाली गेली तर जवळपास रिकामी. त्यामुळे बॅटरीबद्दल मी निर्धास्त होतो.

प्रॉन्ग्ज रीफचे दीपगृह उजवीकडे मागे पडले, खांदेरी-उंदेरी आल्या, आणि दहाच्या पुढे जमिनीवरून येणारा मतलई वारा विरला तेव्हा इंजिन चालूच होते, म्हणून काही अडले नाही. दुपारी वायव्येचा खारा वारा भरला, इंजिन बंद करून आम्ही शिडांवर कुलाबा किल्ला आणि कोर्लईचे टोक मागे टाकले. सुमारे ४० सागरी मैल कापून जंजिऱ्याजवळ आलो तेव्हा साडेतीन वाजले होते. शिडे उतरवण्यासाठी इंजिन हवे होते. टक्. टक्. टक्. भाचीने मोजले, सातव्या दाबाला ते लागले. राजपुरीच्या खाडीत चिखलाच्या तळावर नांगर टाकला आणि रात्री बहिणीने दिलेल्या भाकऱ्या खाताना बटण, बॅटरी आणि स्टार्टर, म्हणजे इंजिनाला पहिला फेरा देणारी विजेची मोटर, असे तीन संशयित ठरले, एकेकाचा एकेक.

दिवस दुसरा : राजपुरी ते हर्णे

भावोजींचा संशय बटणावर होता आणि बोट त्यांची असल्यामुळे तपासाची सुरुवात तिथून झाली. माझे मत निराळे होते. इंजिन सुरू होत नाही या एका वाक्यात तीन वेगळे आजार दडलेले असतात आणि ते कानाने ओळखता येतात. बटण दाबल्यावर काहीच आवाज आला नाही, तर वीज स्टार्टरवरच्या सोलेनॉइडपर्यंतच, म्हणजे मोटरचा जाड संपर्क जोडणाऱ्या विद्युतचुंबकी स्विचपर्यंतच, पोहोचलेली नसते : फ्यूज, किल्ली, बटण, नाहीतर त्यांच्यामधली वायर. कडकडकड असा सलग आवाज आला, तर सोलेनॉइड ओढला जातो, जोराचा प्रवाह सुरू होताच व्होल्टेज कोसळते, तो सुटतो आणि पुन्हा ओढला जातो. हे बहुधा उतरलेल्या बॅटरीचे लक्षण. आणि एकच ठसठशीत टक् आला, तर सोलेनॉइडने आपले काम केलेले असते, पण त्यानंतर मोटरला फिरण्याइतकी ताकद मिळत नाही. म्हणजे बटणाने आपला निरोप पोहोचवला आहे. तो निरोप केवळ काही अँपिअरचा असतो. खरे काम पुढच्या शे-दीडशे अँपिअरचे असते, आणि ते वेगळ्या, जाड केबलींतून चालते.

हे सगळे मी व्यवस्थित समजावून सांगितले आणि तरीही भावोजींनी स्क्रू-ड्रायव्हर काढून बटणांची पाटी उघडली. त्यामागचा अनेक पिनांचा जोड खरोखरच वाईट अवस्थेत निघाला. पिनांवर हिरवी पूड जमली होती आणि दोन पिना तर सुटतानाच मोडतील अशा झाल्या होत्या. खाऱ्या हवेत तांब्याचे हे असेच होते. तो जोड टूथब्रशने आणि संपर्क साफ करणाऱ्या फवाऱ्याने स्वच्छ केला, परत बसवला, बटण दाबले, आणि इंजिन पहिल्या दाबाला सुरू झाले. भावोजींनी माझ्याकडे पाहिले, ते काही बोलले नाहीत.

कधी लागतो, कधी लागत नाही असा बिघाड माणसाला हमखास फसवतो. तुम्ही जे शेवटचे केले त्यालाच तो यश देऊन टाकतो. त्या दिवशी सुमारे ३० मैलांच्या प्रवासात आम्ही इंजिन तीनदा बंद करून सुरू केले आणि तिन्ही वेळा ते मुकाट्याने लागले. संध्याकाळी सुवर्णदुर्गाच्या आडोशाला, मासेमारीच्या बोटींच्या गर्दीत जागा शोधून नांगर टाकला. हर्णेच्या किनाऱ्यावर मासळीचा लिलाव चालू होता. भावोजींनी सुरमईची तुकडी आणली आणि जेवताना बटणाचा विषय त्यांनी चार वेळा काढला.

दिवस तिसरा : हर्णे ते जयगड

सकाळी सातला पहिल्या दाबाला इंजिन लागले. बाहेर पडल्यावर पूर्वेचा मतलई वारा चांगला होता म्हणून अर्ध्या तासात ते बंद केले आणि दहाच्या सुमारास दाभोळच्या खाडीचे तोंड डावीकडे दिसू लागले. कोकण किनाऱ्यावर हिवाळ्यात रोज एक अशी वेळ येते की रात्रीचा जमिनीवरचा वारा मेलेला असतो आणि दुपारचा समुद्रावरचा वारा अजून जन्माला आलेला नसतो. हे दोन-तीन तास इंजिनाचे. पाणी तेलासारखे झाले, शिडे लोंबली, आणि आमच्या खालच्या अंगाला अर्ध्या मैलावर जाळ्याच्या तरंगत्या खुणा दिसत होत्या, त्यांच्याकडे प्रवाह आम्हाला सावकाश नेत होता.

टक्.

दहा-बारा वेळा झाल्यावर मी पायऱ्या काढून खणात उतरलो. प्रथम बटणाचा निकाल लावायचा होता. गिअर न्यूट्रलमध्ये आहे याची दोनदा खात्री करून, स्टार्टरच्या जाड खुंटीपासून सोलेनॉइडच्या लहान टोकापर्यंत इन्सुलेटेड मुठीचा स्क्रू-ड्रायव्हर टेकवला. याने किल्ली, बटण आणि त्यांची सगळी वायर वगळली जाते. ठिणगी उडते, म्हणून पेट्रोल इंजिनाच्या खणात हा प्रयोग कधीही करू नये; आमचे डिझेल होते. आवाज तोच आला. बटण निर्दोष सुटले आणि भावोजींनी वर उन्हात बसूनच ते मान्य केले.

मग त्यांनी मुख्य स्विच दोन्ही बॅटऱ्या जोडणाऱ्या खुणेवर आणला, एकीला जमत नसेल तर दोघींना जमेल या हिशेबाने. या वेळी इंजिन कण्हत कण्हत दोन-तीन फेरे फिरले आणि थांबले. पुन्हा दाबले, पुन्हा दोन फेरे. इथे एक धोका असतो, तो अनेकांना महागात पडला आहे. इंजिन फिरते तेव्हा समुद्राचे पाणी खेचणारा पंपही फिरतो आणि ते पाणी धुराच्या नळीतल्या मफलरमध्ये टाकतो. इंजिन चालू असेल तर धूर ते पाणी बाहेर ढकलतो. चालू झालेच नाही, तर प्रत्येक प्रयत्नाला मफलर भरत जातो आणि शेवटी पाणी उलटे सिलिंडरमध्ये शिरते. म्हणून मी समुद्राच्या पाण्याचा वॉल्व्ह बंद केला आणि तो बंद आहे हे विसरू नये म्हणून त्याच्या दांड्याला अडकवलेली लाल चिंधी भाचीने किल्लीला नेऊन बांधली. हा उपाय तिचा, आणि तो चांगला आहे.

दोन बॅटऱ्यांनीही काम होत नाही म्हटल्यावर दोष बॅटरीत नाही हे कळायला हवे होते. वर्गात मी हेच उदाहरण फळ्यावर घातले असते तर मुलांनी सांगितले असते. पण खण तापलेला, बोट डुलते आहे, जाळी जवळ येत आहेत, अशा वेळी माणूस विचार करत नाही, बटण दाबतो. मी मल्टीमीटर ओहमवर, म्हणजे रोध मोजण्यावर, लावून लाल केबल टोकापासून टोकापर्यंत तपासली : ०.२. जाड काळी केबलही घाईत तपासली : ०.२. मीटरच्या दोन्ही तारा एकमेकींना लावल्यावरही ०.२ च येत होते, म्हणजे दोन्ही केबली ठीक. मी तसे वर ओरडून सांगितले. हे चुकीचे कसे ठरले ते पुढच्या दिवशी येईल.

जाळी सुमारे शंभर हातांवर आली तेव्हा भावोजींनी लांब वल्ह्याने बोटीचे तोंड फिरवले आणि आम्ही आळीपाळीने वल्हवत बाजूला गेलो. गरज पडली असती तर मदतीसाठी रेडिओचे १६ क्रमांकाचे चॅनेल आणि तटरक्षक दलाचा १५५४ हे दोन्ही हाताशी होते, पण दीडच्या सुमारास वायव्येला पाण्यावर काळसर पट्टा दिसला आणि वारा भरला. पाचच्या पुढे जयगडच्या भूशिराला वळसा घालून शिडांवरच आत आलो. मोठ्या जहाजांच्या वाटेपासून दूर राहून, एकाच प्रयत्नात, शीड पाडून नांगर टाकावा लागला. नांगर धरला की नाही हे पाहण्यासाठी इंजिन मागे लावता येत नव्हते, म्हणून रात्री आळीपाळीने जागलो.

दिवस चौथा : जयगडलाच

सकाळी चहा घेऊन मी ठरवले की आज बटण कमी आणि आकडे जास्त. भाची बटणावर, मी मीटरवर आणि भावोजी नोंदवहीवर. नियम एकच : प्रत्येक माप बटण दाबलेले असतानाच घ्यायचे, आणि एका वेळी तीन सेकंदांहून जास्त दाबायचे नाही, कारण न फिरणारा स्टार्टर फार लवकर तापतो.

पहिले माप बॅटरीच्या दोन्ही शिशाच्या खुंट्यांवर. इथे मीटरची टोके खुंटीवरच टेकवायची, तिच्याभोवतीच्या पट्ट्यावर नाही, नाहीतर पट्टा आणि खुंटी यांच्यातला दोष मोजमापातून निसटतो. टक्, आणि आकडा १२.० वर थांबला. दुसरे माप स्टार्टरची जाड खुंटी आणि स्टार्टरचे अंग यांच्यामध्ये. टक्, ५.४. भावोजींनी दोन्ही आकडे एकाखाली एक लिहिले आणि वजाबाकी केली. बॅटरीतून निघालेले ६.६ व्होल्ट वाटेत कुठेतरी गडप होत होते.

मी लाल बाजू घेतली. बॅटरीची पॉझिटिव्ह खुंटी ते स्टार्टरची खुंटी, मधला मुख्य स्विच धरून : ०.३. ही बाजू उत्तम. तरीही मी स्विच उघडला, त्याचे नट आवळले, पुन्हा मोजले, पुन्हा ०.३. मग मी लाल केबल हाताने चाचपू लागलो. शिडीवर बसलेली भाची कंटाळून म्हणाली, “मामा, जायची वाट तीनदा बघितलीस. परत यायची वाट नाही का बघायची?”

या प्रश्नाला उत्तर नसते. मीटरचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर आणि दुसरे इंजिनाच्या एका उघड्या बोल्टवर टेकवले. दोन्हींना जोडणारी हातभर काळी केबल आहे, म्हणजे आकडा शून्याच्या आसपास यायला हवा होता. टक्, ६.३.

तीन दिवस सगळ्यांनी लाल केबलकडे पाहिले, कारण वीज तिकडून येते असे मनात पक्के बसलेले असते. ती जिथून परत जाते ती वाट तितकीच महत्त्वाची आहे आणि बोटीत ती वाट नेहमी सर्वांत खाली, सर्वांत ओल्या जागी असते. पुढे तुकडे पाडले. खुंटी ते पट्टा ०.०२. पट्ट्यापासून केबलच्या दुसऱ्या टोकाच्या थिंबलपर्यंत, म्हणजे बोल्टाखाली बसणाऱ्या धातूच्या कडीपर्यंत, ०.०८; त्यासाठी मीटरची तार लांबवून, आरसा धरून, गिअरबॉक्सच्या मागे हात घालावा लागला. उरलेले ६.२ व्होल्ट थिंबल आणि इंजिन यांच्यामध्ये, म्हणजे जिथे तांबे लोखंडाला टेकते त्या नखाएवढ्या जागेत जात होते.

आदल्या दिवशी ओहमने मला का फसवले याचा हिशेब मी तिथेच, खणात बसूनच केला. प्रवाह शंभर अँपिअर धरला तर ६.२ व्होल्ट गिळायला ०.०६२ ओहम पुरतात. साध्या मल्टीमीटरच्या स्वतःच्या तारांचाच रोध ०.२ असतो, त्यामुळे त्याला हा फरक दिसणे शक्य नव्हते. शिवाय ओहम मोजताना मीटर अगदी क्षीण प्रवाह सोडतो, आणि तेवढ्याला केबलीतली एक शाबूत तारही पुरते. दिव्याला पुरणारा जोड स्टार्टरला पुरत नाही. आणि सोलेनॉइड नेहमी टक् का करत होता तेही यातून कळते : मोटरचा संपर्क जुळण्यापूर्वी प्रवाह थोडा असतो, त्यामुळे पूर्ण बारा व्होल्ट त्याच्या वाट्याला येतात, संपर्क जुळला की सगळे कोसळते.

दोष कुठे ते कळले, पण माझा हात तिथे जात नव्हता. तवसाळकडे जाणाऱ्या फेरीबोटीच्या धक्क्यावर भावोजी डिंगी घेऊन गेले आणि मासेमारीच्या बोटींची इंजिने दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रींना घेऊन आले. साठीचे गृहस्थ, हाफ पँट, खांद्याला पानांची पिशवी. मी आकडे सांगू लागलो, त्यांनी मान डोलावली आणि भाचीला म्हणाले, “पोरी, पाच वेळा सेल्फ मार. थांबू नको.” ती दाबत गेली. मिस्त्रींनी डोळे मिटून हाताची मागची बाजू केबलीवरून खाली सरकवत नेली, गिअरबॉक्सच्या मागे पोहोचले आणि हात झटकन बाहेर काढला.

“साहेब, हितं भाजतंय. अर्थिंगला.”

माझ्या चार मापांचे काम त्यांनी एका हाताने केले होते. हिशेबही जुळत होता : ६.२ व्होल्ट आणि शंभर अँपिअर म्हणजे सहाशेहून अधिक वॅट, एका छोट्या विजेच्या शेगडीइतकी उष्णता, तीही एका बोल्टाखाली. फरक इतकाच की, असा हात फिरवायचा तर आधी जोड तापलेला असावा लागतो आणि हाताला त्या जागेची वाट माहीत असावी लागते.

बॅटरीची निगेटिव्ह केबल सर्वांत आधी सोडवली. तसे न करता पाना चालवला आणि तो लाल खुंटी व इंजिन यांच्यामध्ये टेकला, तर पाना चिकटून लाल होतो. मग मिस्त्रींनी १७ चा पाना लावून, पडल्या पडल्या, नुसत्या बोटांच्या अंदाजाने तो बोल्ट काढला. थिंबल वर आले तेव्हा तिघेही वाकून पाहू लागलो. पूर्वी कधीतरी इंजिनाला रंग दिला गेला होता आणि रंगवणाऱ्याने थिंबल रंगावरच बसवले होते. संपर्क होता तो केवळ बोल्टाच्या आट्यांमधून आणि एका लोखंडी वायसरमधून, आणि तो वायसर बिस्किटासारखा पापुद्रे सुटून हातात आला. त्याच्या बरोबर वर समुद्राच्या पाण्याचा पंप होता आणि त्याच्या सीलमधून मिनिटाला एखादा थेंब या जोडावर पडत होता. केबलचे आवरण मिस्त्रींनी सुरीने उभे चिरले. आतले तांबे बोटभर नव्हे, चांगले वीतभर काळे पडले होते. ही कथिलाचा मुलामा नसलेली साधी केबल. मुलामा दिलेल्या तारा खाऱ्या पाण्याने इतक्या लवकर सडत नाहीत.

नवी केबल मिस्त्रींनी त्यांच्या साठ्यातून आणली, जुनीपेक्षा एक माप जाड. थिंबल त्यांनी हाताच्या प्रेसने दाबले आणि मग ते कथिलाने डागण्यासाठी बत्ती पेटवू लागले, तेव्हा आमचा थोडा वाद झाला. डागलेल्या भागात तारा एकजीव होऊन कडक होतात आणि इंजिनाच्या थरथरीने नेमक्या त्या कडेला तुटतात. शिवाय जोड तापला तर डाग वितळतो. दाब नीट बसला असेल तर डागाची गरज नाही. मिस्त्री म्हणाले, आम्ही चाळीस वर्षे डागतो. शेवटी डाग न देता, आतून गोंद असलेली नळी चढवून तापवली आणि हवा-पाणी बंद केले. बोल्टाखालची जागा त्यांनी पॉलिश पेपरने चांदीसारखी घासली, पितळी वायसर घातला, आवळले, आणि आवळून झाल्यावर वरून ग्रीस थापले. ग्रीस मध्ये नाही, वर. पंपाखाली मी खोबरेल तेलाच्या प्लॅस्टिकच्या डब्याचा तुकडा कापून पन्हळीसारखा बांधला, म्हणजे थेंब बाजूला जाईल.

भाचीने बटण दाबले. टक् ऐकूच आला नाही. दुसऱ्या फेऱ्याला इंजिन धडधडू लागले. ते बंद करून, डिझेल तोडणारी दांडी ओढून धरली आणि नुसते फिरवत सगळे पुन्हा मोजले : बॅटरीवर १०.९, स्टार्टरवर १०.५, लाल बाजूला ०.२५, काळ्या बाजूला ०.१५. आता खरा प्रवाह वाहत होता म्हणून बॅटरी आधीपेक्षा खाली झुकत होती, आणि तसेच व्हायला हवे. मिस्त्रींनी पाचशे रुपये आणि दोन कप चहा घेतला, आणि उतरताना काळे पडलेले थिंबल माझ्या हातात ठेवून म्हणाले, “पोरांना दाखवा.” मी निवृत्त झालो आहे हे त्यांना सांगायचे राहून गेले.

दिवस पाचवा : जयगड ते विजयदुर्ग

सुमारे ४५ मैलांचा टप्पा, म्हणून पहाटे निघालो. रत्नागिरीचे दीपगृह दहाच्या आधी बाजूला आले. साडेदहाला वारा गेला, इंजिन लागले, आणि भावोजी अचानक म्हणाले, “हा काटा बिघडला की काय?” व्होल्टमीटर १४.१ दाखवत होता. त्यांच्या मते तो इंजिन चालू असताना नेहमी १२.४ दाखवायचा, आणि बोट घेतली तेव्हापासून तसाच असल्याने त्यांना तेच योग्य वाटत होते.

चालू इंजिनावर ऑल्टरनेटरने, म्हणजे इंजिनाच्या जोरावर वीज तयार करणाऱ्या यंत्राने, बॅटरीला साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट द्यायला हवेत. त्याशिवाय ती भरत नाही. ऑल्टरनेटरचे निगेटिव्ह टोक म्हणजे इंजिनाचे अंगच. म्हणजे त्याचाही प्रवाह त्याच सडलेल्या थिंबलमधून बॅटरीकडे जात होता. तीस अँपिअर भरणी धरली आणि जोडात तोच ०.०६ ओहम, तर १.८ व्होल्ट तिथेच संपत होते. १४.२ मधून १.८ गेले, राहिले १२.४. मी हा हिशेब भावोजींच्या नोंदवहीतल्या पानावर करून दाखवला. दोन वर्षे बॅटऱ्या अर्धपोटी राहिल्या, आणि शिशाची बॅटरी अर्धपोटी राहिली की तिच्या पट्ट्यांवर गंधकाचे क्षार घट्ट बसून ती लवकर मरते. म्हणजे त्यांनी बदललेल्या दोन बॅटऱ्या हा बिघाडावरचा उपाय नव्हता, बिघाडाचा परिणाम होता. ते बराच वेळ सुकाणूवर गप्प होते. मग त्यांनी दोन बॅटऱ्यांची किंमत सांगितली, ती इथे लिहीत नाही.

दुपारी भाची दुसरी बॅटरी भरायला लावण्यासाठी मुख्य स्विच फिरवायला गेली, तेव्हा मी जरा जोरातच ओरडलो. इंजिन चालू असताना स्विच बंदच्या खुणेवरून गेला, तर ऑल्टरनेटरला प्रवाह सोडायला जागा राहत नाही, त्याचे व्होल्टेज एकदम उसळते आणि आतले डायोड जळतात. एकीवरून दुसरीवर जाताना दोन्हींच्या खुणेवरून जायचे. तिने तसे केले आणि संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

सूर्य मावळता मावळता विजयदुर्गाच्या तटाखालून वाघोटनच्या खाडीत शिरलो. हे बंदर किती सुरक्षित आहे ते आत आल्यावरच कळते. बाहेर लाट होती आणि आत तांब्यातले पाणी हलणार नाही इतकी शांतता. याच खाडीत आंग्र्यांच्या आरमाराची गोदी होती. जहाज कोरड्यात घेऊन तळ तपासण्याची तशी सोय आज आमच्या बोटीसारख्यांना या किनाऱ्यावर सहज मिळत नाही, हा विचार पंपाच्या गळक्या सीलकडे पाहताना येतोच.

दिवस सहावा : विजयदुर्ग ते मालवण

पहाटे जाग आली ती पंपाच्या कोरड्या घरघरीने. तळातल्या पंपाचा फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगून पंप चालू-बंद करणारा स्विच, पाणी उपसून झाल्यावरही, एका प्लॅस्टिकच्या पिशवीच्या तुकड्यामुळे वरच अडकला होता आणि पंप रात्रभर चालू होता. हा पंप मुख्य स्विचला न विचारता थेट बॅटरीला जोडलेला असतो, आणि तो तसाच हवा, कारण बोटीवर कोणी नसतानाही तो चालला पाहिजे. दिव्यांची बॅटरी ११.६ वर आली होती. इंजिनाची बॅटरी वेगळी असल्याने तिच्यावर १२.७ होते. रात्री स्विच दोन्हींवर ठेवून झोपलो असतो तर दोन्ही गेल्या असत्या. इंजिन पहिल्या दाबाला लागले. पंप इतक्या वेळा का चालतो याचे उत्तरही त्या थेंबातच होते. डब्याच्या तुकड्याने तो जोडावरून हटवला होता, पण तो पडत तळातच होता.

देवगड मागे टाकून दुपारी मालवणच्या समोर आलो. इथले खडक नकाशात पाहावेत आणि उजेडातच आत यावे. सिंधुदुर्ग पाहताना लक्ष दुसरीकडे जाते आणि तेच महागात पडते. खडकांमधल्या त्या अर्ध्या तासात इंजिनाच्या आवाजाकडे कोणाचेच लक्ष नव्हते.

दिवस सातवा : मालवण ते पणजी

अंधारात निघालो. वेंगुर्ल्याचे खडक बाहेरच्या बाजूने गेले, तेरेखोलपाशी गोव्याची हद्द लागली आणि अडीचला आग्वादचे टोक दिसले. मांडवीच्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे आणि तिथे भरतीवर, इंजिनावर शिरावे. तिकडे वळण्यापूर्वी भावोजींनी मुद्दाम शिडांवर असतानाच इंजिन सुरू करून पाहिले, मग बंद केले, मग पुन्हा सुरू केले. मी काही म्हटले नाही.

पणजीला नांगर टाकल्यावर बटण दाबून काळी बाजू एकदा आणखी मोजली. ०.१५. सीलसाठी दुकानात पंपाचा क्रमांक द्यावा लागतो, म्हणून भाचीने पंपावरची पाटी रंगाखालून नखाने खरवडून काढली आणि तो क्रमांक नोंदवहीत लिहिला. त्याच्याखाली भावोजींनी आपल्या अक्षरात लिहिले : नवीन बॅटरी घेऊ नये.